तीन नंबर

इंजिन गरम असतानाच करायचं हे,
थंड लोखंड खोटं बोलतं,
असं हेबेर म्हणतो, आणि बोटांवर फुंकर घालत प्लग सोडवतो.
जुलै. पायसांदूत नदीवरून येणारं वारं
शटरखालून आत शिरून घोट्यांना चावतं.
गाडी एल्बियो मास्तरांची. प्यूजो चारशेचार, फिकट हिरवी,
मागच्या सीटच्या शिवणीत अजून खडूची भुकटी.
घेणारी यामिला. चीज विकते,
आठवड्यातून दोनदा तिला साल्तोला जायचंय,
आणि गाडीचा रंग तिला आवडलाय,
हे तिनं लपवायला हवं होतं.

मी विणायची सुई प्लगच्या भोकात सोडते.
हेबेर समोरून हँडल फिरवतो, बोटबोटभर.
सुई वर येते, येते, थबकते.
दट्ट्या माथ्यावर. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले.
"हँडल काढ. चौथा गिअर, हँडब्रेक, चाकाखाली दगड.
नाहीतर हवाच इंजिन फिरवेल
आणि ते हँडल तुझे दात मोजेल."
मग नळी जोडायची, हवा सोडायची.
दोन काटे. एक सांगतो किती दिलं,
दुसरा, आत किती टिकलं.
कुठून गेलं ते काटा सांगत नाही.
ते कानाचं काम.

कार्बुरेटरपाशी सुसकारा, तर आत घेणारा व्हॉल्व्ह.
सायलेन्सरमध्ये, तर बाहेर सोडणारा.
रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर गॅस्केट,
आणि मग मास्तरांनी गाडी घेऊन घरी जावं.
पत्रे ठोकून ठोकून हेबेरचा डावा कान गेलाय.
उजव्याला तो रबरी नळीचा तुकडा लावतो,
डोळे मिटतो.
रेडिओ बंद. हातोहात फिरणारं माते थांबतं.

एक नंबर: नऊ टक्के.
प्यूजोत एक नंबर मागून मोजायचा,
हे डोक्यात बसायला मला वर्ष लागलं.
एकानंतर तीन. तो क्रम मात्र झोपेतही सांगेन,
एक, तीन, चार, दोन.
पण हेबेर अर्ध्या फेऱ्यावर थांबला नाही,
पुरा फिरवला.
चार: अकरा.
दोन: दहा.
मास्तर खिशातल्या खिशात बोटं मोजतात.
मी काही बोलले नाही. वहीत एक ओळ
कोरी सोडली.

मग तीन.
काटा घसरतो, अडतीसवर टेकतो.
तेलाचं झाकण काढलेलं, तिथून हवा येते,
उबदार, करपल्या वासाची.
नळी लागत नाही ऐकायला. मलाही ऐकू येतं,
दारातल्या कुत्र्यालाही.

"म्हणजे काय?" यामिला.
"तेल मी वेळेवर बदललंय," मास्तर लगेच,
वर्गात पकडलेल्या पोरासारखे.
हेबेर नळी गुंडाळतो. पुन्हा उलगडतो.
"तेलाचा प्रश्न नाही. एकोणीस वर्षांपूर्वी हे इंजिन मीच खोललं.
रिंगा नदीपलीकडून मागवल्या होत्या. एक तुटकी निघाली.
पूल अडवलेला, आणि तुम्हाला शनिवारी गाडी हवी होती.
तिनात जुनीच बसवली, घासून.
पैसे नवीचे घेतले."

कॉक कोणी बंद करत नाही.
हवा जात राहते, इंजिनाच्या पोटातून वर,
आमच्या चौघांच्या मध्ये.

"केवढ्याची होती रिंग?"
हेबेर आकडा सांगतो, तेव्हाचे पेसो.
तेवढ्यात आज अर्धा पाव येत नाही.
मास्तर बराच वेळ रेडिएटरकडे पाहतात,
जिथे एकही बुडबुडा नाही.
"आणि मला वाटायचं,
माझ्या तोंडाला वास येतो म्हणून
तू बाजारात मला बघून रस्ता ओलांडतोस."

मी पेन्सिलीनं अडतीस लिहिते.
"पेननं," हेबेर म्हणतो.

यामिला किटली उचलते, मातेत पाणी ओतते,
पहिला पेला मास्तरांपुढे धरते.
"आणि हा हिरवा," ती म्हणते,
"मला तसा काही फार आवडलेला नाही."