टाचण्यांची उशी

भाच्यानं सात बिया आणल्या पाकिटातून,
तुरीच्या दाण्याएवढ्या, गुळगुळीत.
पाकिटावर चित्र होतं:
नारिंगी फूल, अंगभर टाचण्या टोचलेल्या.
मी म्हटलं, अरे, हे तर माझं मनगट.

एकवीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले मी,
डाव्या मनगटावर इलॅस्टिकची उशी.
जूनच्या आधी रात्रपाळी असायची,
घरी येऊन झोपले तरी उशी हातावरच.

हे बी धुराशिवाय जागं होत नाही, भाचा म्हणाला.
त्याच्या मुलखात आधी वणवा फिरतो, मग रान उगवतं.
आता धूर आणू कुठून?
गिरणीच्या चिमण्या मी शाळेत असतानाच थंडावल्या,
आणि गॅस तर निळाच जळतो.
आईनं काही न बोलता सूप पुढं ओढलं.
विड्या वळून उरलेल्या तेंदूच्या कातरणी
तिनं पत्र्याच्या डब्यात पेटवल्या,
तांब्यावर पालथं पातेलं धरून धूर कोंडला.
रात्रभर बिया त्या करपट पाण्यात.
घरभर वास, आणि आई खोकत हसत होती.

दोन उगवल्या.

कुंभारीच्या या घरकुलात
अंगण म्हणजे दहा फूट मुरूम.
इथं तुळससुद्धा रुसते.
काळी माती विकत आणणार होते मी,
तर भाचा फोनवर ओरडलाच:
मावशी, माती नको, मुरूमच हवा!
वर उंचवटा कर, पाणी थांबता कामा नये.
शेण नको, खत नको, खुरपंही नको,
मुळाशी हात घालायचा नाही.
जन्मात पहिल्यांदा
कुणीतरी आमच्या जागेला बरोबर म्हणत होतं.

पाचव्या दिवशी नळ येतो.
आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं,
मग बादलीच्या तळाशी राहतं ते झाडाला.
नळाची ही चाल
दोन्ही रोपांना छान मानवली.

शेजारच्या कलावतीबाई बिराजदार
एका दुपारी चमचाभर खत टाकून गेल्या.
रोप किडकिडीत दिसतंय म्हणे, बिचारं.
आठ दिवसांत पानं कडेनं करपली,
पंधराव्या दिवशी नुसती काडी.
त्यांना काय सांगणार?
संक्रांतीला तिळगूळ नेऊन दिला,
झाडाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

दुसरं वाढलं.
मेमध्ये पत्रा तडतडायचा,
आम्ही ओली चादर पांघरून पडायचो,
आणि हे बाहेर, पानांवर राखी लव घेऊन,
उन्हाकडे तोंड करून उभं.
मी दारातून बघायची,
बाई गं, तुला काहीच कसं होत नाही?

तिसऱ्या वर्षी, गड्ड्याचे पाळणे लागले तेव्हा
एक मूठ उघडली.
आधी गुंडाळलेले दोरे,
मग एकेक ताठ होत गेला,
टोकाला पिवळं डोकं.
आई ओट्यावरून म्हणाली, सूदुल चेट्टू,
सुयांचं झाड.
कलावतीबाई आल्या, लांबूनच बघून गेल्या.
शिंजीर आला, तो मात्र थेट आत.

कारखान्यात नियम होता:
सुई मोडली तर सगळे तुकडे कागदावर चिकटवून दाखवायचे,
त्याशिवाय नवी मिळायची नाही.
एकदा अर्ध्या नखाएवढं टोक सापडेना.
मी दोन तास फरशीवर गुडघ्यांवर,
चुंबक फिरवत, पगार कापला जाताना ऐकत.
ते टोक कुठल्या पोराच्या कॉलरमध्ये गेलं असेल,
अजून झोपेत शोधते.

आता फूल सुकतंय.
टाचण्या मुरमावर गळतात,
आज अकरा, काल किती, मोजलं नाही.
बोटं आपोआप खाली जातात,
मग मी ती पदरात धरून बसते.

फुलातून एक बी पडलं होतं.
मुंग्यांनी ते ओढत ओट्याखाली नेलं.
किती आत, कुणास ठाऊक.
आई म्हणते, जाऊ दे.
आणि सुपातल्या कातरणी
ती हल्ली टाकून देत नाही.