वाढवलेली

आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढवली म्हणतात.
चाळीस वर्षं मीही हेच म्हणत आले,
शहापूरपासून कंग्राळीपर्यंत,
आणि काच पदरात गोळा केली
कुणाच्या पायाला लागू नये म्हणून.

होनग्याला साखरपुड्याचं घर.
बायका ओळीनं बसलेल्या, हात पुढं.
शेवटी धाकटी, संयोगिता, अकरावीतली,
एप्रिलच्या उन्हात मनगटापर्यंत बाही.
"मला नको मावशी."
"दोनच भरते ग."
बाही जराशी वर सरली.
मी पाहिलं.
मी पाहिलेलं तिनं पाहिलं.

ओरडले नाही.
पदर ओढला तिच्या हातावर,
सव्वादोनच्या दोन हिरव्या हळू चढवल्या,
आणि काकू-मामींचा हशा चालू असताना म्हटलं,
माझंही होतं असं. चौतीस वय, दोन पोरं.

तिनं मान वर केली.
मोठ्या बायकांना पण?
मोठ्यांना पण. बाप्यांना पण.
आत कल्लोळ माजतो, त्याला शब्द नसतो,
मग माणूस अंगालाच बोलायला लावतो.
कल्लोळ घटकाभर गप्प बसतो,
मग येतो परत, व्याज घेऊन.
हे वेड नव्हे. नाटक तर नव्हेच,
नाटक असतं तर बाही कशाला?
काच वाढवली म्हण हवं तर.
स्वतःला मात्र फुटले म्हण, कुणाजवळ तरी.

आमच्याकडे पाटी कुठल्या भाषेत यावरून दगड उडतात.
ह्या दुखण्याची पाटी कुठल्याच भाषेत नाही.
मला सिव्हिलमध्ये नेलं गल्लीतल्या नर्सनं.
डॉक्टरीण कानडी, मी मराठी.
"एल्लि नोवु?" तिनं विचारलं.
कुठं दुखतंय.
का केलंस, हे नाही. कुठं दुखतंय.
मी छातीवर हात ठेवला.
तिनं घड्याळ बघितलं नाही.

संयोगिताच्या आईला सांगायला आठ दिवस गेले,
तिला विचारून, तिच्यासमोर.
आई म्हणाली, लग्नाचं घर आहे.
मग म्हणाली, माझंच चुकलं.
मग काहीच म्हणाली नाही, चप्पल घातली.
मंगळवारी तिघी एका बाकावर,
बाहेर नंबर पुकारत होते.
नंतर बरेच मंगळवार. काही फुकट गेले.

परवा रात्री दीडला फोन.
"मावशी, आज फार होतंय."
आधी केला फोन. आधी.
म्हटलं, आईला उठव, ती येईतो मी आहे.
पुढं काय बोलावं सुचेना,
तेव्हा पेटी उघडून मोठ्यानं मोजत बसले,
हिरव्या बारा, लाल नऊ,
मोरपंखी सहा.

तिकडून थोडा वेळ नुसता श्वास.
मग, "मावशी, सात वाजल्या."

परत मोजल्या.
सातच होत्या.