तिसरा मजला

घशात सकाळपासून एक कुसळ.
ताप नाही. किटवर एकच रेघ;
दुसरी आहे की नाही ते बघायला
खिडकीपाशी गेलो, चष्मा काढला, पुन्हा लावला.

दिवागावात आज मढव्यांच्या पोरीची हळद.
बेंजो इथे सेक्टर आठपर्यंत ऐकू येतोय.
"तोंडाला बांधून ये रे," हेमंत फोनवर,
"दहा मिनिटं. मटण तरी घेऊन जा."

लिफ्ट आली. दार उघडलं.
आत डेटॉलचा वास, कोपऱ्यात
प्लास्टिकचं निळं स्टूल,
तिसऱ्या मजल्यावरच्या केणीबाईंचं.
सोम, बुध, शुक्र, दुपारी डायलिसिस.
बाई त्यावर बसून उतरतात, बसूनच चढतात,
आणि बाहेर थांबलेल्या कुणालाही म्हणतात,
"ये, मावशील."

आज शुक्रवार. सात वाजत आलेत.
म्हणजे परतायची वेळ.

दार आपोआप मिटू दिलं
आणि जिना धरला.
तिसऱ्यावर, त्यांच्या दाराशी
(चपला नाहीत, कडीला दुधाची पिशवी)
खोकला वर आला.
तो मी उतू जाणाऱ्या पातेल्यासारखा
धरून खाली नेला, गेटबाहेर,
पार खाडीकडे, तिवरांपर्यंत.

तिथे मोकळा केला.
एक बगळा उठला, वैतागून
चार हातांवर पुन्हा बसला.

हळदीला गेलो नाही.
हेमंतची आजी ब्याण्णव वर्षांची,
येईल त्याच्या गालांचा मुका घेते.

मटण त्याने रात्री गेटवर ठेवलं.
साडेनऊला केणीबाईंचा फोन:
"काय रे, आज लिफ्टमध्ये
कुणीच कसं नाही भेटलं?"