चार हजार तीनशे बारावा

पहाटे चारला ग्वायुसाचा काढा पिते
आणि होडीतलं पाणी उपसायला बसते.
डबा दुधाचा, बापाच्या वेळचा.
होडीही त्याचीच,
आणि तळाचं भोकही.

सेन्योर वाउटर पुढे बसतात, गुडघे पोटाशी घेऊन.
सत्त्याहत्तर वर्षं, दोन्ही कानांत यंत्रं,
गळ्यात दुर्बीण, प्लास्टिकच्या पिशवीत वही.
वहीत चार हजार तीनशे अकरा पक्षी.
आता एकच हवाय, म्हणतात. नागमोडी ढोकरी.
आकडा सांगताना आवाज खाली नेतात,
जुनी उधारी कबूल करावी तसा.

युत्सुकोचाचं पाणी कोऱ्या चहासारखं.
वल्हं होडीच्या काठाला लागू द्यायचं नाही,
लाकडावर लाकूड वाजलं की अर्धं तळं उडून जातं.
मी ताशी आठ डॉलरला शांतता विकते.

शान्शो दिसले. ते दिसतातच.
फांदीवर जड बसलेले, तुरे विस्कटलेले,
पोटात पानं आंबवत,
अंगाला ताज्या शेणाचा वास.
त्या वासापायी कुणी त्यांना खात नाही,
म्हणून ते आहेत.
एक पिल्लू आम्हाला भिऊन पाण्यात पडलं,
टपकन, पिकल्या फळासारखं,
आणि पंखांवरच्या नखांनी फांदी धरत धरत
पुन्हा वर गेलं, जागेवर, ओलं, रागावलेलं.
सेन्योर हसले.
वही उघडली नाही. शान्शो त्यांच्याकडे होते आधीच,
तेहतीस वर्षांपूर्वीचे.

मग डावीकडचा फाटा.
तिथे, मोरेतेच्या कललेल्या खोडामागे,
पुरुषभर उंचीवर, काटक्यांचं एवढंसं घरटं.
अंगभर आडव्या बारीक रेघा,
पाटी नीट पुसली नाही की राहतात तशा.
एकोणीस दिवस एकाच अंड्यावर.
मला माहीत आहे. मी मोजतेय.

गेल्या साली एकाने फोनवर तिचीच हाक लावली,
पंचवीस मिनिटं.
ती उत्तर देत राहिली, जवळ येत राहिली.
फोटो फार चांगले आले.
थंड पडलेलं अंडं दुसऱ्या दिवशी मी तळहातावर घेतलं.
बक्षिशी साठ डॉलर होती.
नेल्सनचे शाळेचे बूट त्यातलेच.

वल्हं डावीकडे टाकलं. होडी उजवीकडे वळली.

"त्या बाजूला नाही जायचं?"
"तिकडे पाणी कमी आहे."
माझं अख्खं वल्हं बुडालं असतं तिकडे,
वर दंडापर्यंत हात.

थोडं पुढे आलो, तेवढ्यात मागून:
हूऽऽ
रिकाम्या मडक्यात कुणी हलकेच फुंकावं तसं.

"हे काय?"
"बेडूक," मी म्हणाले.

त्यांनी एका कानातलं यंत्र काढलं,
बाहीला पुसलं, पुन्हा बसवलं.
हूऽऽ
"मोठा असेल."
"मोठाच आहे."

नाकतोडा होडीत आला, बसला, गेला.
नदीपलीकडे कंपनीचा जाळ
दिवस उजाडल्यावर फिका दिसतो, विझत मात्र नाही.
मी डब्याने पाणी उपसलं. अजून उपसलं.

धक्क्याला लागलो तेव्हा सेन्योर उठले नाहीत.
वही गुडघ्यावर घेऊन काहीतरी लिहीत होते, सावकाश,
पेन्सिल जिभेला लावत.

त्यांची भाषा मला वाचता येत नाही.
आकडे येतात.
आकडा नव्हता.