लीव्गा विद

मे महिना, तरी बर्फ.
हाल्बेराच्या स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं,
आत पाव नाही, केक नाही,
पुठ्ठ्याच्या खोक्यात एक कोकरू.
जुळ्यातलं धाकटं. पहाटे चारला गोठ्यामागे सापडलं.
तोंडात बोट घातलं मी,
जीभ नदीतल्या गोट्यासारखी गार.

"लीव्गा विद," ती म्हणाली
आणि गवताच्या मुठीने त्याच्या बरगड्या घासू लागली,
करपलं पातेलं घासतात तशी,
माया बिलकूल न दाखवता.

मी वही काढली.
(मी यादविगा. पोलंडहून आले,
दोन हंगामांपुरती. हा पाचवा.)
माझ्या भाषेत या अर्थाचा शब्द चर्चमध्ये राहतो,
ईस्टरला बाहेर येतो,
कोकरापर्यंत कधी पोचत नाही.

लीव म्हणजे जीव.
लीव्गा म्हणजे जीव आणणं.
मग विद कशाला?
"लागतं," हाल्बेरा म्हणाली. "नाहीतर नुसती तरतरी,
पिवळे पडदे लावल्यावर खोलीला येते तेवढी."

कोशात पाहिलं.
विद: लगत, शेजारी, विरुद्ध, च्याशी.
खाली निराळी नोंद, विद: लाकूड,
पण ते कर्म असेल तेव्हाच.
आणि आणखी एक, विद: आम्ही.

आम्ही, की आपण?
कोश सांगत नाही.
म्हणजे कोकरू त्यात धरलंय की नाही
कळायला मार्ग नाही.

"विस्तवाला चालतं का?"
"चालतं."
"चक्कर येऊन पडलेल्याला?"
"त्यालाच तर."
"बंद पडलेल्या गायनमंडळाला?"
ती हसली. "तिथे आधी तंबोऱ्या आवाजाची बाई शोध,
मग व्याकरण."
"बुडालेल्याला?"

हात थांबला. नुसता हात.
कोकराच्या पोटावर तसाच राहिला.

"चालतं," ती म्हणाली.
"पण पुढे जोडावं लागतं: करून पाहिलं."

ओडगेर, तिचा भाऊ.
मासळीच्या धक्क्यावर, चाळीस मिनिटं.
पाच जण आळीपाळीने छातीवर दाब देत होते,
सहावी ती, सतरा वर्षांची,
बुटांत समुद्र भरलेला.
डॉक्टरांच्या कागदावर दुसराच शब्द होता, लांबलचक,
इस्त्री केलेला.
"तो त्यांचा," ती म्हणाली. "करत होतो ते विद."
या वेळी ते शब्दयोगी अव्यय नव्हतं.

मी वहीत फक्त लिहिलं: सकर्मक.
समोर कुणीतरी असल्याशिवाय
हे क्रियापद उभं राहत नाही.
समोरचा उठेलच, असं मात्र
व्याकरणात कुठेही म्हटलेलं नाही.

तेवढ्यात खोक्यात कोकरू मुतलं.
ओव्हनच्या तळाशी चर्र झालं, घाण वास सुटला.
"आलं," हाल्बेरा म्हणाली,
आणि कॉफी ठेवली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

दुपारी त्याला गोठ्यात नेलं.
आईने हुंगलं.
ओव्हनचा वास, कॉफीचा वास,
दोन बायकांच्या हातांचा वास.
तिने ते शिंगाने उडवलं,
एकदा, मग पुन्हा, भिंतीपर्यंत.
जिवंत होतं, नखशिखांत जिवंत होतं,
आणि तिचं नव्हतं.

हाल्बेराने मेंढीचं डोकं गुडघ्यांत अडकवलं,
कोकराचं तोंड सडाला लावलं.
"अंगावर घ्यायला लावणं,
याला वेगळा शब्द आहे," ती धापा टाकत म्हणाली.
"चार दिवस लागतात, कधी आठ.
लिहून घे."

वही वर ओव्हनपाशी राहिली होती.
माझ्या दोन्ही हातांत
मेंढीची मागची तंगडी,
आणि ती लाथ मारायचं थांबत नव्हती.