तांबडं

हेटश्टेटच्या मागे मलब्याचे डोंगर उभे आहेत.
खाण बंद पडून तीस वर्षं झाली,
अजून त्यांच्यावर धड गवत धरत नाही.
हायडरुन वाकून काळ्या शेलचे तुकडे वेचते,
पिशवीवर नंबर घालते.
गोटहार्ट त्सीगेनबाल्ग काठीवर रेलून बघतो.

थर हातभर जाड.
त्याचा आजा कुशीवर निजून खणायचा,
मान एका अंगाला कलली ती कललीच,
शवपेटीतसुद्धा सरळ झाली नाही.

"तांबडी कुज दिसली की थांबायचं,"
गोटहार्ट सांगतो, "पुढे नुसता दगड.
पण फार मागेही हटायचं नाही.
माल तिच्या उंबऱ्यावरच असतो."

इथे माझी मराठी अडते.
आमचं तांबडं तांब्यावरून आलेलं,
आणि या खडकात तांबडं म्हणजे
तांबं नसल्याची खूण.
तो रंग लोखंडाचा आहे.

प्रयोगशाळेत हायडरुन पूड आम्लात उकळते.
सडक्या अंड्यांचा वास नळीतून
चांदीच्या द्रावणात शिरतो, काळा साका बसतो:
पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा
कोंडलेला श्वास, गुंजभर.
मग भागाकार.
एकूण लोखंडातलं हलतं किती,
हलत्यातलं गंधकाला भुललं किती.

लांबच्या नमुन्यांत आकडा ठाम:
तळाला प्राणवायू नव्हता,
मासे वरून मरून पडले
आणि खवल्यांसकट राहिले.
उंबऱ्याजवळ आकडा घसरतो.
म्हणतो, इथे समुद्र मोकळा श्वास घेत होता.

खोटं. समुद्र तोच होता.
पुढे कधीतरी खालून खारं, कोमट पाणी चढलं
पाठुंगळीला तांबं घेऊन.
माक्षिकातलं लोखंड गंजलं,
सुटलेलं गंधक तांब्यानं धरलं,
पाणी हलकं होऊन निघून गेलं.

हायडरुन त्या आकड्यांसमोर प्रश्नचिन्ह काढते.
"यांची साक्ष मागाहून बदललीय,"
ती गोटहार्टला सांगते.

तो कोटाच्या खिशात बराच वेळ चाचपतो.
रुमाल, चष्म्याचं घर, मग एक चपटा दगड:
त्यात मासा, बोटाएवढा,
डोकं काळ्यात, शेपूट तांबड्यात.

"डोक्याकडून वाच," म्हणतो.
ती वाचते. उजेडाकडे धरून, पुन्हा एकदा.

नंबर घालायला मात्र तो देत नाही.