दोरा तोंडात धरू नये

रुवीत, हमरियाच्या एका गल्लीत, जाड पडद्याआड आमचं सलून.
दारावर लिहिलंय, पुरुषांना प्रवेश नाही.
उन्हालाही नाही.
ते समोरच्या बोडक्या डोंगरावर आपटून
रस्त्यावरच पडून राहतं.

इथे मी विजी.
विजयमाला एवढं कुणाच्या तोंडात मावत नाही.

माझ्या तोंडात सहा वर्षं दोरा.
एक टोक दातांत, बाकीचा बोटांत,
मधला पीळ भुवईवरून चालवायचा,
केस मुळासकट.
दात आवळलेले, म्हणून बोलणं बंद.
बोलायची ती गिऱ्हाइकं. नणंद, सवत, सुजलेले पाय.
मी नाकातून म्हणायची, हुं.

नाकातलं हुं कशालाही चालतं.
पगार पुढच्या महिन्यात एकदम देते, विजी. हुं.
शुक्रवारी लग्नाची पार्टी आहे. हुं.
पासपोर्ट माझ्याच कपाटात बरा ना? हुं.

परवा बलदियाची बाई आली.
टॉवेल हुंगून पाहिले.
निळ्या दिव्याच्या पेटीत कात्र्या आहेत की नुसताच दिवा, ते पाहिलं.
मेणात तीच पट्टी दुसऱ्यांदा बुडवली म्हणून
मारिसेलचं नाव लिहून घेतलं.
मग माझ्यासमोर थांबली.
'थुंकी,' म्हणाली, चांगल्या हिंदीत.
'दोरा तोंडात धरू नये. गळ्यात अडकव.'

इचलकरंजीत माझा बाप
धोट्याच्या भोकाला ओठ लावून
श्वासाने सूत ओढून घ्यायचा.
कांडी संपली की एकदा. पाळीभर कांड्या संपतच असायच्या.
रात्री त्याच धोट्याला विठू कांबळ्याचे ओठ.
खोकला दोघांत एकच होता,
पाळीप्रमाणे वाटून घेतलेला.
त्या तोंडाबद्दल कुठल्या कागदावर
एक ओळ असेलही.
आमच्या माग-शेडपर्यंत ती आली नाही.

म्हणून थुंकी हा शब्द ऐकून
मला लाज वाटायला हवी होती, तशी वाटली नाही.
वाटलं, कुणीतरी आलं शेवटी.
तीस वर्षं उशिरा, भलत्याच गावात,
चुकून माझ्या तोंडाशी.

मग तिनं माझं कार्ड उलटून पाहिलं.
'यावर सफाई कामगार लिहिलंय.
तू नक्की काय करतेस?'

शायनीमॅडम गल्ल्यामागून मल्याळीत हसली.
मारिसेल नेलपॉलिशची बाटली हलवत राहिली,
कधीचीच हललेली.

हुं आलं होतं, नाकापर्यंत आलं होतं.
पण दातांत काही नव्हतं.
जीभ पुढच्या दाताची खाच चाचपत होती,
दोऱ्यानं पाडलेली, सहा वर्षांची.
मी म्हटलं, दोरा.
म्हटलं, सहा वर्षं.
मग शुक्रवार म्हटलं. सगळे शुक्रवार.
मग कपाट.
हिंदी संपली तिथे मराठी लागली,
आणि ती बाई लिहीतच राहिली,
काय लिहिलं देव जाणे.

दुकान आता बंद. दारावर शिक्का.
माझं कार्ड बदलेल की तिकीट निघेल,
दोन्ही बाजूंनी सांगणारे भेटतात.
शायनीमॅडम फोन उचलत नाही.
तिचंही काय चुकलं म्हणावं?
तिच्याही डोक्यावर भाडं आहे आणि एक कफील.
हे मला रात्रीच सुचतं, दिवसा राग येतो.

खोलीवर मी सराव करते आहे.
दोरा गळ्यात अडकवून, मान मागे ताणून,
जशी विहिरीतून बादली ओढावी.
काळ्या पोतीखाली एक लाल रेघ उमटली आहे.
गिऱ्हाईक म्हणून मारिसेल, फुकट.
ती कळवळते. मी एक तोंडभरून शिवी देते, बापाची ठेवणीतली.
'अर्थ काय?' ती डोळे मिटूनच विचारते.
मी सांगत बसते.

सांगण्याच्या नादात
डावी भुवई तिरकी गेली.
उजवी उद्या.